रामेनचा पंडुम

भामरागडच्या बसथांब्यावर १९९६च्या जूनमध्ये मी आणि लच्चू एकेक पत्र्याची पेटी घेऊन उभे होतो, आणि त्या साली आम्हा दोघांच्याही तोंडाला अजून आंबा लागलेला नव्हता. घाई नदीची होती. पर्लकोटेचं पाणी एकदा पुलावरून जायला लागलं की आमच्याकडची माणसं अलीकडची अलीकडे आणि पलीकडची पलीकडे राहतात, आणि पिंपरीच्या कारखान्यातलं अप्रेंटिसचं बोलावणं काही पूर ओसरायची वाट पाहणार नव्हतं. लच्चूचे वडील गावाहून पायीच आले होते. लच्चूच्या पेटीचं कुलूप त्यांनी दोनदा ओढून पाहिलं, मग माझ्याही पेटीचं पाहिलं. माझे वडील मात्र शिक्षक, त्यांना सूचना दिल्याशिवाय निरोप देता येत नसे. "पोचल्यावर कार्ड टाकजो," ते म्हणाले, "अन् आंब्याची घाई करू नोको. मी कळवतो."

आंब्याचं हे काय प्रकरण ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. तसं ते वाटेलच. आमचं गाव माडिया आदिवासींचं. माडिया लोक नवं फळ, नवं धान्य, नवी भाजी पंडुम झाल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. पंडुम म्हणजे त्या नव्या वस्तूचा सण. सगळ्या घरांनी आपापलं आणायचं, भूमयानं, म्हणजे गावाच्या पुजाऱ्यानं, पहिला वाटा देवाला आणि गेलेल्या माणसांना द्यायचा आणि मग गावानं एका रांगेत बसून एकदम खायचं. तोवर झाडाखाली आंबे सडले तरी सडू द्यायचे. एकट्यानं आधी चाखून पाहायचं नाही. त्या वर्षी गावात एक मरण झालं, आंब्याचा पंडुम लांबला आणि तेवढ्यात आमची बस आली.

आता लच्चू माडिया, त्याचे वडीलच भूमया, त्यानं पाळणं समजण्यासारखं आहे. आम्ही बौद्ध. वडील चंद्रपूरकडच्या मूल गावचे, शाळेवर गुरुजी म्हणून तिकडे गेले आणि तिथलेच झाले. देवधर्म, नवस, अंगात येणं, सगळ्यावर त्यांचा राग. वर्गात ग्रहण शिकवताना ते चेंडू आणि कंदील घेऊन इतके आवेशात यायचे की पहिल्या बाकावरची पोरं मागं सरकायची. पण पंडुमाच्या दिवशी धुतलेला सदरा घालून ते सगळ्यांच्या आधी हजर. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पूजा त्यायची, पंगत आपली." आणि मग, "माह्या बापाले जन्मभर कोनी पंगतीत बसू देल्लं नाई. इथी पयल्याच साली लच्चूच्या बापानं हात धरून बसवलं. विचारलं बी नाई कोन म्हणून." हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. पुन्हा सांगायची गरज नव्हती.

पिंपरीत आम्ही एका खानावळीला लागलो. आठवड्याभरातच रविवारी आमरस होता. खानावळवाल्या काकूंनी वाट्या भरल्या आणि लच्चूनं आपली वाटी हातानं हळूच पुढं सरकवली. मग मीही सरकवली. खरं सांगतो, मला तो रस प्यायचा होता. पण आम्ही दोघं एकाच बसनं आलो होतो, आणि मला वाटलं, हा एकटा पडेल. बाकीची पोरं हसली. काकूंना वाटलं आम्हाला आंबा बाधतो, त्यांनी आम्हाला जास्तीची भाजी वाढली. पुढचे चार रविवार हेच झालं. जुलैच्या मध्यावर वडिलांचं पोस्टकार्ड आलं. "पंडुम झाला. दोघांनी आंबा खाण्यास हरकत नाही. तब्येतीस जपणे." बाजारातला आंबा तोवर संपला होता. आम्ही दोघं कार्ड हातात घेऊन खूप हसलो, आणि त्या शहरात आल्यापासून मी पहिल्यांदाच पोटभर हसलो होतो.

सलीम भेटला तो चिंचवडच्या बसमध्ये. कंडक्टर त्याला चुकीच्या थांब्यावर उतरवत होता आणि हा पठ्ठ्या, "काऊन उतरवून राह्यले बापा मले?" म्हणून दांड्याला धरून उभा. आम्ही दोघांनी एकदमच मान वळवली. तो गडचांदूरचा, वडील शिंपी, सिमेंट कारखान्यातल्या कामगारांचे गणवेश शिवायचे. लहानपणी छपरावर टाकलेलं धुणं वाळेपर्यंत पुन्हा मळायचं, असं तो सांगायचा, आणि पुण्यात येऊन त्यानं सर्वांत आधी काय केलं असेल तर एक पांढरा शर्ट घेतला. सुनंदा भेटली दवाखान्यात. लच्चू गावाहून मलेरिया घेऊन आला होता, तो इकडे उफाळला, आणि वॉर्डातल्या नर्सनं त्याची बडबड ऐकून विचारलं, "कुठचे तुमी?" ती जिवतीच्या डोंगरावरची, कोरडवाहू शेतातून आलेली. वयानं आमच्याहून दोन वर्षं मोठी, म्हणून सुनंदाबाई. तिनं लच्चूला बरं केलं आणि आम्हा तिघांना ताब्यात घेतलं.

पुण्याविषयी मी फार गोड बोलणार नाही. घर भाड्यानं पाहायला गेलो की मालक आधी आडनाव विचारायचे आणि मग त्यांना एकदम आठवायचं की खोली भाच्याला द्यायची आहे. सलीमला तर आडनावही सांगावं लागायचं नाही. दुकानात आमचं बोलणं दुरुस्त करायची लोकांना हौस. एका बाईंनी लच्चूला विचारलं होतं, तुम्ही लोक अजून झाडावर राहता का हो? त्यानं शांतपणे सांगितलं, नाही, आता कासारवाडीला राहतो. अशा शहरात आम्ही चौघं रविवारी एकत्र बसून आमच्या बोलीत मोठमोठ्यानं बोलायचो. तेवढंच घर होतं आणि ते पुरत होतं.

पहिला पिझ्झा खायचं ठरलं तेव्हा सलीमनं नियम केला. आंब्याची गोष्ट त्याला फार आवडली होती. तो म्हणाला, "मंग हाबी पंडुमच ना? समदे जाऊ, नाईतर कोनीच नाई." झालं. तेव्हापासून शहरात जे जे नवीन निघेल ते चौघांनी मिळूनच पाहायचं, खायचं. कुणी एकट्यानं पुढं जायचं नाही. आणि चौघांपैकी एकाला जे चालत नसेल ते बाकीच्या तिघांनीही खायचं नाही. सलीमसाठी डुकराचं मांस आणि ते शिजवलेलं भांडंही बाद. सुनंदाच्या उपासाला आम्ही तिघं नुसता चहा पिऊन उठलोय. पिझ्झा आला, तर लच्चूनं त्याचा एक तुकडा तोडून ताटाच्या कडेला ठेवला आणि ओठातल्या ओठात गेलेल्या माणसांची नावं घेतली. शेजारच्या टेबलावरचे बघत होते. आम्हाला वाटलं, बघा लेको.

अशी आठ-नऊ वर्षं गेली. सरकता जिना, मॉलमधलं सिनेमाघर, परदेशी कॉफी, सगळ्याचे पंडुम झाले. लग्नं झाली. सलीमनं एसी दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि कोंढव्याला गेला. सुनंदा सांगवीत, तिच्या नवऱ्याचं मेडिकल. लच्चू त्याच कारखान्यात सुपरवायझर झाला. मी शिकत शिकत एका कंपनीच्या डिझाइन विभागात गेलो, वाकडला फ्लॅट घेतला. भेटी कमी झाल्या, वर्षातून दोन-तीन. पण भेट ठरवायची, फोन करायचे, हॉटेल शोधायचं हे सगळं मीच करायचो. थोडक्यात, आमच्या पंडुमाचा भूमया मी होऊन बसलो. आणि मला ते फार आवडायचं.

आवडायचं म्हणजे किती, तेही सांगतो. बायकोच्या नातेवाइकांना, ऑफिसातल्या पाहुण्यांना मी पंडुमाची गोष्ट रंगवून सांगायचो. आंबे, रांग, पोस्टकार्ड. लोक डोळे मोठे करून ऐकायचे. कंपनीच्या वार्षिक अंकात मी त्यावर लेखही लिहिला, 'आमच्याकडची पंगत' म्हणून. साहेबांनी बोलावून शाबासकी दिली. मी अंकाची एक प्रत लच्चूला नेऊन दिली. त्यानं लेख तिथंच उभ्यानं वाचला आणि "बरं लिवलं" म्हणाला. मला ते पुरेसं वाटलं नव्हतं, म्हणून मी थोडा फुगलोही होतो.

लच्चू दरवर्षी मे महिन्यात रजा टाकून गावाला जायचा, आंब्याच्या पंडुमाला. दरवर्षी निघण्याआधी त्याचा फोन. "येतेस का?" दरवर्षी माझ्याकडे काहीतरी असायचंच. प्रोजेक्ट, मुलाचा शाळाप्रवेश, ऊन. वडील निवृत्त होऊन मूलला परतले होते, तेव्हा गावात आता आपलं कोण आहे, असंही एक कारण मला सापडलं होतं. खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही, इथं सांगतो. मला भीती वाटायची. त्या वर्षांत तिकडच्या बातम्या यायच्या त्या सगळ्या एकाच जातीच्या. रस्त्यात सुरुंग, गावात चौकशा, आज या बाजूनं मारलेला माणूस, उद्या त्या बाजूनं. पेपर वाचून मी बायकोला म्हणायचो, बघ, म्हणून जात नाही. भीती खोटी नव्हती. पण त्याच गावात लच्चूची आई रोज सकाळी उठून चूल पेटवत होती, हेही खोटं नव्हतं.

२००४ साली लच्चूचे वडील गेले. त्याचा दुपारी ऑफिसात फोन आला. "बाप गेला. मी निघून राह्यलो. तू येतेस का?" मी म्हणालो, "सुट्टी मिळत नाही रे सध्या." त्यानं "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. सुट्टी मी मागितलीच नव्हती. संध्याकाळी सलीमचा फोन आला, तो आणि सुनंदा चंद्रपूरपर्यंत तरी जाणार होते, आणि मग पुढेही गेले. मी बायकोला म्हणालो, यांना परिस्थितीची कल्पना नाही. दोन वर्षांनी माझे वडील गेले तेव्हा तिघंही मूलला आले, मला धरून उभे राहिले, लच्चूनं तर खांदाही दिला. मी ते सगळं घेतलं. मनाला काही टोचलं असेल तर मी ते लगेच बाजूला सारलं असणार, कारण आज आठवत नाही.

आणि मग २००८ साली औंधच्या बाजूला हे जपानी रामेनचं हॉटेल निघालं. आमच्या कंपनीत जपानी पाहुण्यांचं येणं-जाणं होतं, त्यातल्या एकानं खाऊन मान डोलवली, म्हणजे माल अस्सल असावा. मी लगेच तिघांना मेसेज केला, रामेनचा पंडुम कधी करायचा? सुनंदाचं उत्तर आलं, ड्युटी आहे. सलीम म्हणाला, पाहू. लच्चूचं उत्तरच आलं नाही. मी मनाला म्हटलं, त्यांना खात्री वाटत नसेल. आधी आपण जाऊन हे हॉटेल त्या लायकीचं आहे का ते ठरवू, मग सांगू.

पहिल्यांदा गेलो आणि नुसतं मेनूकार्ड वाचून आलो. हाडं तासन् तास उकळून काढलेला रस्सा, त्यात गव्हाच्या लांब शेवया, वरून अर्धं अंडं, मांसाचे काप, समुद्रातलं शेवाळ. मराठीत सांगितलं तर कुणी जाणार नाही आणि इंग्रजीत छापलं की रांग लागते. दुसऱ्यांदा गेलो ते वास घ्यायला आणि बसायची सोय बघायला. चौघांना आणि पोराबाळांना पुरेल असं एकच टेबल होतं, खिडकीजवळ. बाकी सगळ्या उंच खुर्च्या भिंतीकडे तोंड करून. जपानात माणसं अशीच एकटी बसून खातात, असं वाढप्यानं अभिमानानं सांगितलं. मला ते पाहूनच कसंसं झालं. घरी बायको हसत होती. "अहो, हॉटेलात जेवायला जायचंय की सोयरीक जुळवायचीय? एकदाचे खाऊन या ना." मी म्हणालो, तुला नाही कळायचं. सात आठवडे मी हेच करत होतो. प्रश्न एकच उरला होता, सलीमचा. कोंबडीच्या रश्शाचं भांडं डुकराच्या रश्शाच्या भांड्याहून वेगळं आहे का, आणि शेवया एकाच पाण्यात उकळतात का?

तो विचारायला मी एका शनिवारी दुपारी तिसऱ्यांदा गेलो. गर्दी नव्हती. मॅनेजर साताऱ्याकडचा, बोलका माणूस. मी वेगळ्या भांड्याचं विचारलं आणि तो हसला. म्हणाला, "साहेब, तुम्हीपण चंद्रपूर-गडचिरोलीकडचेच काय? मागच्या महिन्यात तुमच्याकडचे लोक आले होते, खिडकीजवळच्या टेबलावर, मुलंबाळं घेऊन. त्यांनी पण पहिलं हेच विचारलं. एक ताई होत्या, नर्स असाव्यात, त्यांनी तर आत येऊन भांडी बघितली, शेवयांचं पाणी बदलून घेतलं, मगच बसले. आणि एक सावळेसे, शांत होते, त्यांनी पहिला घास बशीच्या कडेला काढून ठेवला. मी म्हटलं, आवडलं नाही का सर? तर म्हणाले, नाही, हा दुसऱ्यांचा आहे."

माणूस कौतुकानं सांगत होता. मी त्याला म्हणालो, हो का, वा. एक कोंबडीचा रामेन सांगितला आणि भिंतीकडच्या खुर्चीवर जाऊन बसलो. नियम मोडून कुणी एकट्यानं जाऊन आलं असतं तर मी खूप चिडलो असतो, आणि ते बरं झालं असतं. पण यांनी नियम मोडला नव्हता. सगळे मिळून आले होते, सलीमसाठी भांडं बघितलं होतं, पाणी बदललं होतं, गेलेल्यांचा घास काढला होता. पंडुम रीतसर झाला होता. फक्त मला बोलावलं नव्हतं. क्षणभर मनात जातीच्या, नको त्या शंकाही येऊन गेल्या, ज्या आमच्यासारख्यांच्या मनात अशा वेळी आपोआप येतात, आणि त्या या तिघांविषयी याव्यात याची मला लाज वाटली.

तिथूनच लच्चूला फोन लावला. त्यानं उचलला. मागं कारखान्याचा आवाज होता. मी म्हणालो, "रामेन खाऊन आलात म्हणे." तो म्हणाला, "हो." सबब नाही, सारवासारव नाही. मी विचारलं, "मले काऊन नाई बोलावलं?" कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडून आपली बोली निघाली, आणि ती तक्रार करायला निघाली. तो मशीनच्या आवाजापासून बाजूला गेला. मग म्हणाला, "बोलावलं असतं तर तू आला असतास. हाटेलात तू येतेसच. जिथी या लागते तिथी येत नाईस." मी काहीतरी म्हणू लागलो, सुट्टी, तेव्हाची परिस्थिती. तो म्हणाला, "गुरुजी आले होते ना."

मला कळलंच नाही तो काय म्हणतोय. त्यानं सांगितलं. त्याच्या वडिलांच्या मागचं जेवण होतं त्या दिवशी माझे वडील मूलहून बसनं आले, पुढे बस नव्हती म्हणून कुणाच्या तरी सायकलवर, आणि शेवटचं पायी. पासष्टी उलटलेला माणूस. रांगेत बसून जेवले, दोन दिवस राहिले, लच्चूच्या आईशी बोलत बसले. निघताना लच्चूला म्हणाले, "त्याले सांगू नोको मी आलो होतो म्हणून. त्याले वाईट वाटन." लच्चूनं चार वर्षं ते सांगितलं नव्हतं. "आता गुरुजीच नाईत, म्हणून सांगून राह्यलो," तो म्हणाला. "अन् त्या दिवशी हाटेलात घास काढला ना, त्यात पयलं नाव त्यायचंच घेतलं म्या." मग त्याची जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि त्यानं फोन ठेवला. आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही. चढवला असता तर मला भांडता आलं असतं.

समोर वाडगा येऊन पडला होता. तो मी खाल्ला. हॉटेल जाण्यासारखं आहे का, याचा निकाल सात आठवडे मीच लावत होतो, तर तो इथं लिहून टाकतो. जाण्यासारखं आहे. रस्सा दाट होता, शेवया चावायला छान होत्या, मीठ थोडं जास्त. शेजारच्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि समोर रंगवलेली भिंत होती. मी पहिला घास बाजूला काढला नाही. वडिलांच्या नावानं काढायचा होता, पण त्यांचा घास त्यांना मिळाला होता, आणि ज्यानं तो दिला त्याला तो देण्याचा हक्क होता. माझे वडील त्या रांगेत आहेत, जिवंतपणी होते आणि आताही आहेत. आजोबांना कुणी बसू दिलं नाही, वडिलांना हात धरून बसवलं, आणि मी माझ्या पायांनी उठून आलो. मला कुणी उठवलेलं नाही, हे मला सगळ्यात जास्त लागतं.

पुढच्या मे महिन्यात गावाला जाईन, असं इथं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. मला मात्र माझी चांगली ओळख आहे. मे महिन्यात काहीतरी निघेल, पेपरात एखादी बातमी येईल आणि मी ती बायकोला वाचून दाखवीन. सलीमचा अधूनमधून फोन येतो, तो पोराची प्रगती सांगतो, मी माझ्या पोराची सांगतो. सुनंदाबाई ईदला आणि दिवाळीला आम्हा सगळ्यांना मेसेज पाठवते. कुणी भांडलेलं नाही. बाहेरून पाहिलं तर काहीच झालेलं नाही.

गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, घर म्हणजे काय यावर मी पूर्वी भाषणं दिली आहेत, लेख लिहिला आहे, शाबासकी घेतली आहे. माती, नदी, मोहाचा वास वगैरे. ते सगळं ऐकायला छान असतं. माझ्यापुरतं आता एवढंच उरलंय की जिथं आपण आल्याशिवाय कुणी पहिला घास घेत नाही ते घर, आणि तिथं वेळेवर जाऊन पोचणं आपल्याकडे असतं. माझ्यासाठी थांबू नका, जेवून घ्या, असं मोठ्या मनानं लिहून मी हे संपवणार होतो. पण तुम्ही केव्हाच जेवलात.